वाटेवरचे उष्णोदक

तीर्थयात्रेचा इतिहास लिहिणारे बहुधा देवळापासून आरंभ करतात आणि देवळापाशीच थांबतात. परंतु ज्या काळी मनुष्य पायी, बैलावर अथवा मचव्यातून प्रवास करीत असे आणि मुंबईहून राजापुरास जावयाचे म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊन निघावे लागे, त्या काळच्या प्रवाशाला देवदर्शनाइतकीच निकड अंगावरची धूळ उतरविण्याची आणि पोटऱ्यांत चढलेले गोळे मोकळे करण्याची होती, ही गोष्ट त्यांच्या लिखाणात क्वचितच येते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत निसर्गाने ऊन पाण्याची जी कुंडे ठायीठायी ठेवून दिली आहेत, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांचा इतिहास स्थलपुराणांत सापडतो त्याहून अधिक जुना, अधिक व्यापक आणि माझ्या मते अधिक हृद्य असा दिसू लागतो. ही कुंडे देवळांची नव्हेत; ती वाटेची आहेत. देऊळ पुष्कळदा मागाहून आले.

ही ओळ एकदा नजरेखालून घालावी. उत्तरेस तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि निंबवली, तेथून खाली उतरले म्हणजे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराच्या पालीजवळ उन्हेरे, सावित्रीच्या काठी महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि दक्षिणेस राजापूरचे उन्हाळे. भूगर्भशास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यात अठराएक ठिकाणी मिळून सुमारे साठ झरे मोजले आहेत, आणि पालघरपासून राजापूरपर्यंतचे ते सुमारे तीनशे किलोमीटरांचे अंतर सह्याद्रीच्या कण्याला जवळजवळ समांतर असे धावते. कोणी एखादा राजा किंवा सरदार असा पट्टा आखून देऊ म्हणता तर ते त्याला साधले नसते. भूमीच्या पोटातील जुन्या भेगांनी तो आखून दिला आहे.

परंतु नकाशावर याच ओळीशेजारी दुसरी एक ओळ काढावी, म्हणजे या झऱ्यांचे खरे महत्त्व ध्यानात येते. कोकणातील जुनी बंदरे दोन प्रकारची: समुद्राच्या तोंडावरची आणि खाडीच्या टोकाची. जैतापूर, दाभोळ, बाणकोट ही तोंडावरची; तर राजापूर, संगमेश्वर, महाड, नागोठणे ही खाडीच्या टोकाची, जेथवर भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि मचवे येत, आणि जेथे माल उतरून तो बैलांच्या पाठीवर चढे. येथून पुढे घाट: राजापुराहून अणस्कुरा, संगमेश्वराहून कुंडी आणि माळा, महाडाहून वरंधा. जेथे पाण्याची वाट संपून बैलाची वाट सुरू होते अशा या पेठांच्या आसपासच, कोठे कोसभर तर कोठे दोनचार कोसांवर, ऊन पाण्याचे कुंड आढळावे, यात दैवी योजना पाहण्याचे कारण नाही. नद्या ज्या भेगांच्या आश्रयाने खोल खोऱ्यांतून वाहत आल्या, त्याच भेगांतून ऊन पाणीही वर येते. नदीच्या खोऱ्याने घाट दिला, खाडीने बंदर दिले आणि भेगेने कुंड दिले. कारणे भूगर्भाची असली तरी फळ मात्र प्रवाशाच्या पदरात पडले.

आता त्या प्रवाशाची स्थिती मनात आणावी. देशावरून गूळ, कापूस, हळद घेऊन उतरलेला लमाणांचा तांडा घाटाच्या पायथ्याशी येतो तो बैलांच्या खुरांनी उडालेल्या लाल मातीने माखलेला. उलट दिशेने मीठ, नारळ, सुकी मासळी आणि परदेशी जिन्नस चढावयाचे असतात. जकातीच्या चौकीवर दस्तक दाखवावयाचे, वाण्याशी भाव ठरवावयाचा, आणि मचवा भरतीवरच सुटणार म्हणून भरतीची वाट पाहावयाची. अशा वेळी दिवस, कधी दोन दिवस, मुक्कामाला पडणाऱ्या मनुष्याला सरपण न जाळता, भांडे न घासता, कोणाची मिनतवारी न करता आकंठ ऊन पाणी मिळावे, ही सुखाची परिसीमाच होय. नदीत स्नान होतेच; पण पौषातल्या पहाटेस नदीचे पाणी ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना दोहोंतील अंतर सांगावे लागणार नाही. धर्मशाळा, पार, विहीर आणि सदावर्त यांनी जुन्या वाटा राहण्याजोग्या केल्या असे आपण म्हणतो, त्या यादीत कुंडाचे नाव पहिल्या चारांत घातले पाहिजे.

या सर्वांत राजाश्रयाचे तेज ज्याला लाभले ते स्थान वज्रेश्वरीचे, आणि तो इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे. साष्टी आणि वसई हा मुलूख दोनशे वर्षांवर पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मोहिमेची सूत्रे बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांच्या हाती आली. परंतु वसईचा कोट, ज्याच्या तीन अंगांना पाणी आणि दलदल आणि एकाच बाजूने जमिनीवरून मार्ग, तो काही केल्या हाती येईना. सुरुंग उडत, भगदाडे पडत, माणसे कापली जात, आणि कोट तसाच उभा राही. त्या दिवसांत वडवलीच्या परिसरात मुक्काम असता चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला की कोट हाती आला तर तुझे देऊळ बांधीन, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली. नवस फेडण्याची आज्ञा झाली, आणि वसईचे पहिले मराठे सुभेदार शंकर केशव फडके यांनी देवालय उभे केले. बावन्न पायऱ्या चढून गेल्यावर तटबंदीच्या आत ते लागते, आणि त्याचा नगारखाना वसईच्या कोटाच्या दरवाजाच्या मापाचा ठेवला असे सांगतात. देऊळ म्हणावे तर देऊळ, गढी म्हणावी तर गढी, असे त्याचे रूप आहे. आणि जिंकलेल्या कोटाच्या वेशीचे माप देवीच्या दारी मांडावे, या कल्पनेत त्या पिढीचा आत्मविश्वास फार स्पष्ट दिसतो. स्वतः चिमाजीअप्पांना ते वैभव फार दिवस पाहावयास मिळाले नाही. १७४० च्या डिसेंबरात ते निवर्तले.

परंतु फौजेचा तळ या प्रदेशात पडला तेव्हा ऊन पाणी तेथे होतेच, आणि नवस, देऊळ, नगारखाना हे सर्व त्या पाण्याच्या शेजारी मागाहून आले, हे विसरता कामा नये. तानसेच्या काठाकाठाने काही मैल हे झरे फुटतात; काही तर नदीच्या पात्रातच आहेत, ते पावसाळ्यात पुराखाली जातात आणि पाणी ओसरले म्हणजे वाफेसह पुन्हा प्रकट होतात. अकलोलीस रामेश्वराच्या देवळाशेजारी दगडी बांधणीची कुंडे आहेत, आणि सूर्यकुंड, चंद्रकुंड, अग्निकुंड अशी नावे त्यांना लाभली आहेत. एका कुंडाचे पाणी दुसऱ्याहून कढत, तिसऱ्याचे कोमट, अशी ही श्रेणी आहे. आणि ज्याने ही नावे ठेवली त्याने आधी प्रत्येक कुंडात पाय घालून पाहिला असला पाहिजे, कारण नावे आणि ऊब यांचा मेळ अगदी नेमका बसला आहे.

लोकांनी या उष्णतेची उपपत्तीही आपल्या परीने लावली. देवीने मारलेल्या दैत्यांचे ऊन रक्त अद्याप वाहते आहे, असे वज्रेश्वरीस सांगतात. परशुरामाने येथे यज्ञ केला आणि त्याच्या भस्माच्या या टेकड्या झाल्या, अशीही कथा आहे. शिकलेले लोक गंधकाचे नाव घेतात: जमिनीत गंधक आहे, तो पेटतो, म्हणून पाणी तापते. या तिहींत गंधकाची कथा सर्वांत अलीकडची, आणि ती खरी नव्हे. कोकणची भूमी ज्या काळ्या कातळाची आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हे खरे, परंतु त्या लाव्ह्याची ऊब केव्हाच निवाली. आजची उष्णता येते ती पृथ्वीच्या पोटातून. दर किलोमीटर खोलीस तापमान पंचवीसतीस अंशांनी चढत जाते. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे पाणी भेगांवाटे फार खोल उतरते, तेथे तापते, कातळातील क्षार घेते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जो उग्र वास लोकांना गंधकाचा वाटतो तो त्या पाण्यात विरघळलेल्या वायूचा. तो उष्णतेचे कारण नसून तिच्या वाटेवरचा सोबती आहे. म्हणजे राजापुरास मनुष्य ज्या पाण्यात बसतो ते कधीकाळी घाटमाथ्यावर पाऊस होऊन पडलेले असते. मला ही हकीकत दैत्यांच्या रक्ताहून कमी अद्भुत वाटत नाही.

पाण्याची ऊब सर्वत्र सारखी नसते. काही झऱ्यांचे पाणी जेमतेम अंगाइतके ऊन, तर उन्हवऱ्याचे सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे हात घालताच मागे ओढावा असे. तेथे ते पन्हळीने वाहवून आणि निववून मगच अंगावर घ्यावे लागते. म्हणूनच कुंड बांधणे हे एक स्वतंत्र शास्त्र होते आणि ते अनाम गवंड्यांना उत्तम अवगत होते. राजवाडीस सोमेश्वराच्या शेजारी असलेल्यासारखे एखादे कुंड सकाळच्या उन्हात निरखून पाहावे. तळाच्या दगडी सांध्यांतून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटत असतात, त्या पृष्ठावर येऊन निःशब्द फुटतात. पायऱ्या अशा उंचीच्या की पहिलीवर बसल्यास पाणी पोटरीला लागावे, दुसरीवर मांडीला, आणि तिसरीवर छातीला. एका कोपऱ्यात पाणी बाहेर पडण्याची मोरी, जेणेकरून कुंड तुंबू नये आणि ताजे पाणी सदैव आत यावे. आणि मोरीच्या बाहेर, जेथे पाणी थोडे निवते, तेथेच काय ते शेवाळ धरते, आत धरत नाही. चुन्याचा वापर थोडा आणि घडीव जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या सांध्यावर भिस्त अधिक, कारण ऊन क्षारयुक्त पाण्यात चुना फार दिवस टिकत नाही, हे त्या गवंड्याला ठाऊक असते.

स्नानाची रीतही ठरलेली. प्रथम काठावर बसून तांब्याने पाय भिजवावयाचे, मग गुडघे, मग कंबर. एकदम बुडी मारावयाची नाही. मस्तकावर ऊन पाणी घ्यावयाचे नाही, ही सूचना वडीलधारी मंडळी हटकून देतात, आणि ती निराधार नाही: ऊन पाणी धडावर घेतल्यास बल देते, तेच मस्तकावर घेतल्यास केसांना आणि नेत्रांना अपाय करते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवले आहे. घाट उतरून आलेल्या बैलवाल्याने वाग्भट वाचला नव्हता. परंतु तो नियम त्याच्या आजीपासून त्याच्यापर्यंत आला होता. घटकाभराने बाहेर यावे, पंचा पिळून ओलेत्याने महादेवाच्या पिंडीवर पाणी घालावे, आणि मग भाकर सोडावी. संधिवाताचे, खरजेचे, जुनाट नायट्याचे रोगी मात्र एका स्नानाने परतत नसत. ते धर्मशाळेत बिऱ्हाड करून राहत, आणि पाण्याने गुण येवो न येवो, विश्रांतीने, नियमित आहाराने आणि इतर दुखणाइतांच्या सोबतीने त्यांना आराम पडे. वैद्यकाने या पाण्याच्या बाजूने जे काही सांगितले आहे त्यात सांधे आणि स्नायू यांना उबेने मिळणारा उतार निर्विवाद आहे. त्यापलीकडच्या दाव्यांचा कैवार मी घेणार नाही.

राजापूरची गोष्ट यांहून निराळी, कारण तेथे ऊन पाण्याला शेजार आहे तो गंगेचा. उन्हाळ्याचे कुंड बारमाही. जवळच्या टेकाडावरची गंगा मात्र आपल्या मर्जीची. बहुधा तीनएक वर्षांनी ती येते, चौदा कुंडांतून पाणी वाहू लागते, महिना दोन महिने राहते आणि जशी येते तशी नाहीशी होते. गंगा आली ही वार्ता पूर्वी जासुदाच्या तोंडून आणि पत्रांतून घाटावर जाई, पुढे तारेने जाऊ लागली, आणि यात्रेकरू दर्याने जैतापुरापर्यंत व तेथून खाडीने वर येत. क्रम असा की आधी उन्हाळ्यास ऊन पाण्याचे स्नान, मग गंगेचे, आणि मग धूतपापेश्वराचे दर्शन. आधी शरीर मोकळे करावे, मग तीर्थ घ्यावे, मग देव पाहावा: या क्रमात जे शहाणपण आहे ते योजून आणले नसून चालण्याच्या श्रमातून आपोआप उपजले असावे.

हे राजापूर म्हणजे साधे खेडे नव्हे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली, कारण मिरी, कापड आणि देशावरचा माल येथे स्वस्त मिळे. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरास तोफगोळ्यांची मदत केली. शिवाजीमहाराजांनी ते ध्यानात ठेवले, आणि १६६१ मध्ये राजापुरावर चालून येऊन वखार लुटली व तिच्यातल्या इंग्रजांना कैद केले. इतिहासाच्या पुस्तकांत राजापूर येते ते या प्रसंगाने. परंतु ज्या अणस्कुऱ्याच्या वाटेने पन्हाळ्याकडचा माल वखारीत येई, त्याच वाटेने उतरणारे बैलवाले उन्हाळ्याच्या पाण्यात आपले पाय टाकून बसत असतील, ही बाजू कोणत्याही वखारीच्या दप्तरात लिहिली जात नाही. आणि बंदराचे जगणे तर अशाच माणसांवर चालते.

आता एक गोष्ट अशी सांगावयाची आहे की जी टाळून या कुंडांचा गौरव करणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. हे पाणी वाटेचे होते, परंतु वाटेवरचा प्रत्येक मनुष्य त्यात उतरू शकत नव्हता. पुष्कळ ठिकाणी उंचावरचे कुंड उच्चवर्णीयांचे, त्याच्या खालचे इतरांचे, आणि ज्यांना अस्पृश्य ठरविले होते त्यांनी वाहून बाहेर पडलेल्या पाण्याशी समाधान मानावयाचे, अशी वहिवाट होती. ज्याच्या पाठीवरचे ओझे सर्वांत जड, ज्याचे पाय सर्वांत अधिक भेगाळलेले, त्यालाच ऊन पाणी शेवटी, किंवा मुळीच नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकारच्या देखरेखीखालील सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे त्यात म्हटले गेले. ठराव कागदावर राहिला. सवचे कुंड ज्याच्या शेजारी आहे त्या महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला, तोही कागदावर राहिला. आणि म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे दावे झाले, आणि उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निर्णय दिला. तो लढा पिण्याच्या पाण्याचा आणि माणुसकीचा होता, स्नानाच्या कुंडाचा नव्हे, हे खरे. तथापि कोकणातील प्रत्येक पाणवठ्याच्या हक्काचा प्रश्न त्या लढ्याने पुढे आणला, आणि सवच्या, उन्हेऱ्याच्या किंवा राजवाडीच्या पायऱ्यांवर आज जो कोणी निःशंकपणे बसतो त्याने हे स्मरणात ठेवावे.

इंग्रजी अमलात कुंडांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर निघाले: रत्नागिरीचा खंड १८८० मध्ये, ठाण्याचे १८८२ मध्ये, कुलाब्याचा १८८३ मध्ये. झऱ्यात उष्णतामापक बुडवून आकडा लिहून घ्यावा, कुंडाची लांबीरुंदी मोजावी, यात्रा किती भरते ते मामलेदाराकडून विचारून नोंदवावे, अशी ही पद्धत. तिने दंतकथांना आळा घातला आणि माहिती टिकविली, याबद्दल आपण ऋणी असले पाहिजे. आगगाडी तर त्याआधीच आली होती. १८५४ मध्ये ती कल्याणास पोहोचली, आणि वज्रेश्वरीचा यात्रेकरू कल्याणास उतरून भिवंडीवरून बैलगाडीने जाऊ लागला. चैत्री अमावास्येच्या यात्रेला मुंबईचे गिरणीकामगार आणि लहानमोठे व्यापारी येऊ लागले. दक्षिणेकडची कुंडे मात्र आगबोटीवर अवलंबून होती, आणि पावसाळ्यात आगबोट बंद पडली म्हणजे त्या बाजूचा प्रवास पूर्वीइतकाच दुष्कर होई.

गणेशपुरीचे भाग्य यानंतर उघडले. १९३६ मध्ये स्वामी नित्यानंद तेथे येऊन राहिले, तेव्हा भीमेश्वराच्या देवळाभोवती रान माजले होते. त्यांनी कुंडे साफ करविली, आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवीपर्यंत गणेशपुरी हे मोठे क्षेत्र होऊन बसले होते. पहाटे अंधारात कुंडात स्नान करून मग दर्शनास जावे, हा तेथला परिपाठ. जुन्या क्रमातून फार थोडे बदलले होते, एवढेच की चालून आलेला मनुष्य आता मोटारीतून उतरत होता.

कोकणाबाहेरचीही काही नावे घेतली पाहिजेत. चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, जेथे ऊन पाणी गोमुखातून पडते. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून श्रीरामांनी बाण मारून ते काढले, अशी कथा आहे. तीच कथा पैनगंगेच्या काठच्या उनकेश्वरासही सांगतात. आणि दूर उत्तरेस, बदरीनाथाच्या तप्तकुंडात स्नान करूनच दर्शनास जावयाचे हा नियम महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. केदारच्या वाटेवरचे गौरीकुंडाचे ऊन पाणी मात्र जून २०१३ च्या महापुरात गाडले गेले. ज्याला आपण शाश्वत म्हणतो ते एका रात्रीत कसे जाते याचे ते उदाहरण आहे.

आपली कुंडे अशी महापुरात गाडली गेलेली नाहीत, तरी धोका आहे, आणि तो आपल्याच हातांतून आलेला आहे. मुंबई-गोवा रस्ता आरवली आणि तुरळ यांना जवळजवळ खेटून जातो, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तो प्रवास एका रात्रीचा झाला. थकून मुक्काम करावयाचे कारणच उरले नाही. खाड्या गाळाने भरल्या, मचवे गेले, बैलांचे तांडे गेले. ज्या कुंडाची निगा वाटसरूंच्या वर्दळीने आपोआप राखली जाई, त्याला आता सुधारणा म्हणून गुळगुळीत फरश्या लावल्या जातात, घडीव दगडाच्या पायऱ्या सिमेंटखाली दडपल्या जातात, मोरी बुजते, आणि साबणाचा फेस व प्लास्टिकच्या पिशव्या तेथेच तरंगत राहतात. गुळगुळीत फरशीवर ऊन ओल्या पायाने मनुष्य घसरतो, एवढा विचारही या सुधारणेत नसतो. जुना गवंडी हे जाणत होता म्हणून त्याने दगड टाकीचे घाव ठेवून खडबडीत सोडला होता. देवस्थानांनी, ग्रामपंचायतींनी आणि पर्यटनाची योजना आखणाऱ्यांनी निदान एवढे करावे की जुनी दगडी बांधणी उखडू नये, मोरी वाहती ठेवावी, साबण कुंडाबाहेर वापरावयास लावावा, आणि पाण्याचे तापमान व कुंडाचा काळ सांगणारी एक पाटी मराठीत लावावी.

वाचकांना एक विनंती आहे. कोकणातील आणि घाटमाथ्यावरील पुष्कळ जुन्या घराण्यांत रोजकीर्दी, यात्रेच्या खर्चाच्या याद्या, मुक्कामाहून घरी धाडलेली पत्रे अजून पेटाऱ्यांत पडून आहेत. देवळांचा इतिहास सनदांत असतो. या कुंडांचा इतिहास अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदींत असणार: अमुक तिथीस उन्हाळ्यावर मुक्काम, तेल एवढे, तांदूळ एवढे, बैलांना दाणा एवढा. असा कागद आपल्या घरी असेल तर तो वाळवीच्या स्वाधीन न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अथवा आपल्या जिल्ह्यातील एखाद्या जाणत्या अभ्यासकाकडे दाखवावा, आणि निदान त्याची नक्कल करून ठेवावी.